फ्रेडीच्या जागी : एका बदली गायकाची पारख

आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर ‘रिप्लेसमेंट’ हा शब्द रोजचा आहे. मूळ नट आजारी पडला, मालिकेच्या चित्रीकरणात अडकला किंवा निर्मात्याशी त्याचे बिनसले, की दुसरा नट चार तालमी करून उभा राहतो आणि प्रयोग पार पडतो. पुढच्या रांगेतला जाणकार मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता ‘पहिल्याची सर नाही हो’ म्हणतो आणि घंटा झाली की पुन्हा खुर्चीत जाऊन बसतो. रॉक संगीतात हा प्रश्न इतक्या सहजी सुटत नाही. नाटकात भूमिका आधी लिहिलेली असते, नट नंतर येतो. रॉकमध्ये गाणे बहुतेक वेळा त्या गायकाच्या गळ्याच्या मापानेच बेतलेले असते. गायक गेल्यावर ते गाणे दुसऱ्याने गायचे म्हणजे एकाच्या अंगाला शिवलेला कोट दुसऱ्याने घालायचा.

मग अशा बदली गायकाची मैफल जोखायची कशी? या लेखात मी त्यासाठी एकच बँड घेणार आहे, इंग्लंडचा क्वीन. आणि शक्यतो एकच गाणे, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. विषय निवडण्यामागे खासगी कारणही आहे. २००९च्या सुमारास एका लहानशा मासिकात मी लिहिले होते, की फ्रेडी मर्क्युरीवाचून क्वीनने केलेले कार्यक्रम म्हणजे मालक गेल्यावर जुन्या पाटीवर चालवलेले दुकान. वाक्य मला तेव्हा फार आवडले होते. वसतिगृहापासूनच्या माझ्या एका मित्राने ते वाचून फोन केला आणि एवढेच विचारले, ‘तू त्यातला एखादा कार्यक्रम पूर्ण ऐकला आहेस का?’ मी ऐकला नव्हता. पुढे बारा वर्षे आम्ही या विषयावर अधूनमधून भांडत राहिलो. २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाने तो गेला. ऐकण्याचे काम मी त्यानंतर नीट केले. हा लेख त्या कामाचा हिशेब आहे.

पाचगणीचा मुलगा

मराठी वाचकाला फ्रेडी तसा परका नाही. फारुख बलसारा हे त्याचे मूळ नाव. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारमधल्या एका पारशी कुटुंबात. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. तिथे तो पियानो शिकला आणि १९५८मध्ये शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्या बँडमध्ये तो मुख्य गायक नव्हता, पियानो वाजवायचा. १९६४मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. १९७०मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने क्वीन उभा केला. १९७१मध्ये बास वाजवणारा जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली. हे चौघे १९९१पर्यंत एकत्र राहिले.

पाचगणीचा पियानो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ फ्रेडीने पियानोवर रचले आणि रंगमंचावर तो ते पियानोवर बसूनच सुरू करी. गाणारा आणि वाजवणारा एकच असल्यामुळे ओळ किती रेंगाळवायची, श्वास कुठे घ्यायचा, हे त्याची बोटे आणि त्याचा गळा आपापसांत ठरवत. बदली गायकाची अडचण इथूनच सुरू होते.

मूळ म्हणजे नेमके काय?

१९८७ साली पुण्यात आमच्या वसतिगृहात ‘लाइव्ह मॅजिक’ या ध्वनिमुद्रिकेची कॅसेट आली. क्वीनच्या १९८६च्या दौऱ्यातल्या कार्यक्रमांचे हे मुद्रण. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सुरू झाले, पहिला संथ भाग झाला आणि गाणे एकदम शेवटच्या दणदणीत भागावर जाऊन आदळले. मधला ऑपेराचा भाग गायब! कॅसेट विकणाऱ्याने फसवले म्हणून माझा मित्र दुकानात जाऊन भांडून आला. दुकानदार बिचारा निर्दोष होता. मूळ प्रकाशनातच तो भाग कापलेला होता.

तो कापण्यासारखा का होता, हे कळायला बरीच वर्षे लागली. १९७५मध्ये स्टुडिओत हे गाणे झाले तेव्हा ऑपेराचा भाग फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांनीच, आवाजावर आवाज चढवत, एकाच फितीवर पुन्हा पुन्हा गाऊन उभा केला होता. तिघांचा असा समूह रंगमंचावर उभा करणे शक्यच नव्हते. सुरुवातीच्या कार्यक्रमांत ते गाण्याचे तुकडेच घेत. पुढे रिवाज पडला तो असा: संथ भाग झाला की चौघेही आत जायचे, रंगमंच रिकामा, आणि मूळ ध्वनिफीत वाजायची. शेवटच्या भागाला चौघे पुन्हा बाहेर येऊन धडाका लावायचे.

म्हणजे ज्या गाण्यावर आपण नव्या गायकाला जोखायला बसतो, ते संपूर्ण गाणे मूळ गायकानेही प्रत्यक्ष कधी गायलेले नाही. फ्रेडी स्वतःच्या मुद्रणापुढे स्वतःचाच बदली होता. ‘वी आर द चॅम्पियन्स’सारख्या गाण्यात तो कार्यक्रमात वरच्या जागा टाळून चाल खाली वळवी, काही उंच स्वर टेलर ड्रमवरून उचली. घशातल्या गाठींचा त्रास त्याला तरुणपणापासून होता. १९७५च्या अमेरिका दौऱ्यात त्यापायी काही कार्यक्रम रद्दही करावे लागले होते. यात त्याचा कमीपणा नाही. दौऱ्यात आठवड्याला चार-पाच रात्री उभे राहायचे, तर गळा राखून गावे लागते.

परंतु श्रोत्याच्या कानात मुद्रिका असते. नवा गायक आला की आपण त्याच्या प्रत्यक्ष गाण्याची तुलना मूळ गायकाच्या स्टुडिओतल्या गाण्याशी करतो. २००९मध्ये मीही तेच केले होते. पारखीची पहिली अट माझ्या मते ही, की प्रत्यक्ष मैफल प्रत्यक्ष मैफलीशीच ताडून पाहावी.

त्या गळ्यात वेगळे असे काय होते, याचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. ख्रिस्तियान हर्ब्स्ट या ऑस्ट्रियन आवाज-अभ्यासकाने सहकाऱ्यांबरोबर २०१६मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यानुसार फ्रेडीच्या बोलण्याची पट्टी बॅरिटोनची, म्हणजे मध्यम-खर्जाकडची होती. गाताना मात्र तो टेनरच्या उंचीवर राही. त्याच्या स्वराचे कंपन सेकंदाला सुमारे सात वेळा, म्हणजे प्रशिक्षित गायकांपेक्षा थोडे जलद आणि काहीसे अनियमित होते. त्याच्या आवाजातली ‘खरखर’ कशी निर्माण होते, हे पाहण्यासाठी घशात कॅमेरा घालायला हवा होता; पण फ्रेडी तर राहिला नव्हता. मग एका व्यावसायिक रॉक गायकाने त्याची नक्कल केली आणि त्याच्या स्वरयंत्राचे सेकंदाला चार हजारांहून अधिक चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रण झाले. विज्ञानालाही शेवटी बदली गायकच बोलवावा लागला.

वेम्बली, १९९२

२४ नोव्हेंबर १९९१ला फ्रेडी गेला. आपल्याला एड्स झाल्याचे त्याने आदल्याच दिवशी जाहीर केले होते. २० एप्रिल १९९२ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. सात वर्षांपूर्वी, १३ जुलै १९८५ला, ‘लाइव्ह एड’च्या वेळी याच मैदानावर वीस-एक मिनिटांत फ्रेडीने सत्तर हजारांवर माणसे हातात घेतली होती. आता तिथेच उरलेल्या तिघांसमोर एकामागून एक गायक उभे राहिले. बदली गायकाच्या अभ्यासाला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही: बँड तोच, संध्याकाळ एकच, गळे मात्र दहा-बारा.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची वाटणी त्या दिवशी अशी झाली. संथ भाग एल्टन जॉनने गायला, ऑपेराला नेहमीप्रमाणे फीत वाजली आणि शेवटच्या भागाला अ‍ॅक्सल रोझ धावत आला. एका माणसाचे गाणे पेलायला दोन माणसे लागली आणि मधली जागा तरीही फितीचीच राहिली. रॉबर्ट प्लांट हा तर रॉकमधला दिग्गज. पण ‘इन्युएन्डो’ त्याला पेलले नाही आणि पुढे निघालेल्या चित्रफितीत ते गाणे नाही. जॉर्ज मायकेलचे ‘समबडी टू लव्ह’ मात्र आजही लोक काढून ऐकतात. १९९३मध्ये त्याचे मुद्रण निघाले आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

हा फरक मी अनेकदा ऐकून तपासला. प्लांटचा आवाज लहान होता असे कोणी म्हणणार नाही. जॉर्ज मायकेल ते गाणे आतून ओळखत होता. कुठे ओळ सोडून समूहाला द्यायची, कुठे लोकांना गाऊ द्यायचे, हे त्याला ठाऊक होते. आणि तरी त्याने फ्रेडीची खरखर किंवा ते जलद कंपन घेण्याचा प्रयत्नही केला नाही. स्वतःच्या मऊ, गोलाईच्या आवाजातच गायला. गाणे पाठ आणि आवाज आपला, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्यानंतर तोच क्वीनचा नवा गायक होणार अशी चर्चा बरीच चालली. तसे झाले नाही. एका गाण्याचा पाहुणा आणि सबंध मैफलीचा गायक यांत अंतर असते.

पॉल रॉजर्स : माझी चूक

२००५ ते २००८ या काळात मे आणि टेलर यांनी पॉल रॉजर्सला घेऊन दौरे केले. ‘फ्री’ आणि ‘बॅड कंपनी’ या बँडचा हा गायक, ब्लूजच्या तालमीतला, भरदार आवाजाचा. पाटीवर नाव ‘क्वीन + पॉल रॉजर्स’ असे. ते अधिकचे चिन्ह तेव्हा मला पळवाट वाटले होते. आज वाटते, तो सगळ्या व्यवहारातला सर्वांत प्रामाणिक भाग होता.

मे २००५मध्ये शेफील्डला झालेल्या कार्यक्रमाचे मुद्रण मी आता पूर्ण ऐकले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा संथ भाग रॉजर्स गातच नाही. तिथे पडद्यावर फ्रेडी दिसतो, त्याचाच जुना आवाज येतो आणि हयात वादक त्याला साथ करतात. रॉजर्स येतो तो थेट शेवटच्या भागाला. २००९मध्ये मी याला ‘हार’ म्हटले असते. खरे तर गायकाने आपल्या गळ्याची हद्द ओळखून घेतलेला तो निर्णय होता. ‘फ्री’चे ‘ऑल राइट नाऊ’ तो त्याच कार्यक्रमात गातो तेव्हा त्याची खरी उंची दिसते, आणि क्वीनची दणकट, गिटारप्रधान गाणीही त्याला शोभतात. अडते ते नाजूक, नाटकी, जरा विनोदी अंगाच्या गाण्यांत. फ्रेडी एकाच ओळीत गंभीर होई आणि स्वतःलाच हसेही. रॉजर्सचा आवाज तसा डोळा मारत नाही.

म्हणून रॉजर्स वाईट गायक ठरत नाही. त्याने क्वीनचा अर्धा भाग उत्तम गायला. सप्टेंबर २००८मध्ये युक्रेनमधल्या खार्किवच्या चौकात एड्सविरोधी मोहिमेसाठी झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाला साडेतीन लाख माणसे जमल्याचे सांगितले गेले. त्याच वर्षी ‘द कॉसमॉस रॉक्स’ ही नवी ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातले गाणे आज सहसा कोणी आठवत नाही. २००९मध्ये मंडळी सलोख्याने वेगळी झाली. माझे ‘दुकाना’चे वाक्य नेमके तेव्हाचे.

अ‍ॅडम लॅम्बर्ट : सिडनी, २०२०

त्याच २००९मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’च्या चाचणीत अ‍ॅडम लॅम्बर्ट नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ गायला आणि अंतिम फेरीत मे-टेलर यांच्याबरोबर उभा राहिला. त्याआधी तो संगीत रंगभूमीवर होता. ‘विकेड’ या संगीतिकेत एका प्रमुख भूमिकेसाठी तो राखीव नट होता, म्हणजे पेशानेच बदली! २०१२मध्ये कीव्हला त्याने क्वीनबरोबर पहिला पूर्ण कार्यक्रम केला.

तुलनेसाठी सर्वांत उपयोगी पुरावा १६ फेब्रुवारी २०२०चा आहे. ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांत होरपळलेल्यांसाठी सिडनीच्या स्टेडियमवर मदतनिधीचा कार्यक्रम झाला. त्यात क्वीन आणि लॅम्बर्टने १९८५च्या ‘लाइव्ह एड’मधलीच गाणी त्याच क्रमाने सादर केली. आधी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा संथ भाग, लगेच ‘रेडिओ गा गा’ आणि शेवटी ‘वी आर द चॅम्पियन्स’. गाणी तीच, मदतीचे निमित्त तसेच, मैदानही तसेच मोठे. मध्ये पस्तीस वर्षे.

दोन्ही चित्रणे मी बरोबरीने, एकेक गाणे थांबवून पाहिली. स्वरांचा नेमकेपणा मोजायचा तर लॅम्बर्ट पुढे आहे. फ्रेडी प्रत्यक्षात खाली वळवायचा त्या वरच्या जागा लॅम्बर्ट सहज घेतो. मुद्रिकेशी त्याचे गाणे अधिक जुळते. आणि नेमके इथेच काहीतरी निसटते. १९८५मध्ये फ्रेडी पियानोवर बसतो, चार सूर वाजवतो आणि लोकांचा गलका त्या सुरांभोवती गोळा होतो. आपण पुढे काय करणार हे फक्त त्यालाच ठाऊक असते. लॅम्बर्ट पियानो वाजवत नाही. साथीदार वाजवतो आणि हा उभ्याने गातो. साथ चोख आहे. पण त्यामुळे गाणे आधीच ठरलेल्या वाटेने चालते. फ्रेडीच्या गाण्यात स्वर चुकण्याचा धोका होता आणि धोक्याबरोबर येणारी उत्सुकता होती. लॅम्बर्टच्या गाण्यात स्वर पक्का आहे, उत्सुकता कमी.

गर्दीशी असलेल्या नात्याचेही तसेच. फ्रेडीची ती प्रसिद्ध ललकारी, तो म्हणणार आणि मैदानाने ती उचलून परत करायची, लॅम्बर्टने आपली केली नाही. त्यांच्या दौऱ्यांत ती पडद्यावरच्या फ्रेडीकडूनच घेतली जाते. लोक चित्राला उत्तर देतात. हे मला आधी विचित्र वाटले होते. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले, की लॅम्बर्टने उचललेल्या आणि न उचललेल्या गोष्टींची यादीच करता येईल. गाणी घेतली, झगमगीत पोशाखाची हौस घेतली, तो मिश्कीलपणाही घेतला, जो रॉजर्सकडे नव्हता. ललकारी घेतली नाही. मिशी आणि ते पिवळे जाकीट तर नाहीच नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की बदली गायकाने नवी गाणी केली तरच तो खरा गायक. याला आधार आहे. एसी/डीसीचा बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८०मध्ये गेला आणि त्याच जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन त्या बँडने ‘बॅक इन ब्लॅक’ काढली. नवी गाणी जॉन्सनच्या मापाने झाल्यामुळे त्याला स्वतःचे घर मिळाले. पुढे २०१६मध्ये जॉन्सनच्या कानांनी दगा दिला आणि अ‍ॅक्सल रोझ मोडक्या पायाने, लिस्बनच्या रंगमंचावर खुर्चीत बसून, बदलीचा बदली म्हणून गायला, तेव्हा लोक जॉन्सनची आठवण काढत होते. लॅम्बर्टला हे घर मिळालेले नाही. क्वीनबरोबर त्याची नवी स्टुडिओ ध्वनिमुद्रिका नाही. २०२०मध्ये ‘लाइव्ह अराउंड द वर्ल्ड’ हा प्रत्यक्ष कार्यक्रमांचा संग्रह ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, पण त्यातली गाणी जुनीच. त्याचे सगळे काम पूर्वजाच्या वाड्यात चालते. म्हणून त्याच्या कामगिरीला मी ‘उत्तम सादरीकरण’ म्हणेन, ‘क्वीनचा नवा काळ’ म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. जानेवारी १९९७मध्ये पॅरिसला एल्टन जॉनबरोबर जॉन डीकन एका गाण्यापुरता वाजवायला आला. त्यानंतर तो बँडबरोबर रंगमंचावर आलेला नाही. ज्या चौघांचा हा बँड, त्यांतला एक गेला आणि एक थांबला. त्याच्या थांबण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार मला नाही. पण ज्यांना हे कार्यक्रम पटत नाहीत त्यांना नुसते हट्टी म्हणता येत नाही, इतके वजन त्या रिकाम्या जागेला आहे. मित्राशी भांडताना हा मुद्दा मी नेहमी शेवटी काढत असे आणि तो गप्प होई.

लंडन, जून २०२२

मुलगी लंडनला असते. तिने हट्टाने ‘ओटू’ सभागृहातल्या कार्यक्रमाची तिकिटे काढली. मी वही घेऊन बसलो होतो. ‘हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर’ लॅम्बर्टने असे गायले, की मी लिहायचे थांबलो. फ्रेडीशी तुलना त्या पाच मिनिटांत सुचलीच नाही. काही जलद गाण्यांत तो जास्त सफाईदार वाटला, आणि दोन ठिकाणी नको तिथे आलाप वाढवला असे मी नोंदले आहे. मैफलीत केव्हातरी त्याने लोकांना सरळ सांगितले, की फ्रेडी एकच होता, मीही तुमच्यासारखाच त्याचा चाहता आहे. टाळ्या झाल्या.

मग ‘लव्ह ऑफ माय लाइफ’. ब्रायन मे एकटा गिटार घेऊन पुढे येऊन बसला. पंचाहत्तरीला टेकलेला, पांढऱ्या कुरळ्या केसांचा माणूस. पहिल्या ओळीपासून सगळे सभागृह गात होते. शेवटाकडे पडद्यावर फ्रेडी आला आणि उरलेले त्याने गायले. मेने डोळे पुसले, की मला तसे वाटले, हे त्या अंतरावरून सांगता येत नाही. मी रंगमंचावर लॅम्बर्टला शोधत होतो. तो तिथे नव्हता. एवढे मोठे, लोकप्रिय, त्याच्या गळ्याला सहज झेपणारे गाणे, आणि ते तो गात नाही. ते चालू असेपर्यंत रंगमंचावर थांबतही नाही.

पुढे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ झाले. संथ भाग लॅम्बर्टने गायला. ऑपेराला रंगमंच रिकामा झाला, पडद्यावर १९७५चे ते चार तरुण चेहरे आले आणि फीत वाजली. वसतिगृहातल्या कॅसेटवर जे कापले गेले होते, ते मी पस्तीस वर्षांनी रंगमंचावर पाहिले, म्हणजे त्याची रिकामी जागा पाहिली. शेवटच्या भागाला सगळे परत आले.

वहीत त्या रात्री मी शेवटची नोंद केली ती मित्राच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून : ‘आज पूर्ण ऐकला. दुकानाचे वाक्य मागे घेतो. डीकनचा मुद्दा घेत नाही.’ तो असता तर दुसऱ्या वाक्यावर नक्की भांडला असता.